आजारी मुलांना भेटणारी आणि ढिगाऱ्यातून माणसं शोधणारी मोठी कुत्री: सांगली-साताऱ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सावली नावाच्या काळ्या लॅब्राडॉर कुत्रीला घेऊन मिरज-सांगलीतल्या मुलांच्या वॉर्डात जाते. आमच्या गटातले काही जण शोधकामाच्या कुत्र्यांच्या सरावाला मदत करतात. म्हणजे पडक्या भिंतीआड नाहीतर सिमेंटच्या पाइपात लपून बसतात आणि कुत्र्यानं शोधून काढेपर्यंत गप्प राहतात. वॉर्डातले आईवडील, सिस्टर, शाळेतले शिक्षक, पाटण-जावळीकडचे ट्रेकर आम्हाला जे जे विचारतात, त्याची उत्तरं इथं लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं अर्धवट माहितीनं मुलाला किंवा कुत्र्याला इजा होऊ शकते.

ही कुत्री नेमकं काय काम करतात?

दोन कामं आहेत आणि ती एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. पहिलं काम भेटीचं. शांत स्वभावाचं, शिकवलेलं कुत्रं आपल्या माणसाबरोबर रुग्णालयात जातं, मुलाजवळ बसतं, मूल त्याला हात लावतं, ब्रश करतं, त्याच्याशी बोलतं. दुसरं काम शोधाचं. दरड, भूकंप किंवा इमारत कोसळल्यावर कुत्रं वासावरून माणूस कुठं गाडला गेलाय ते दाखवतं. खणायचं काम माणसांचं. कुत्रं फक्त जागा सांगतं, पण ती जागा कळली की कित्येक तासांचं खणणं वाचतं.

यासाठी मोठंच कुत्रं कशाला? पॉमेरियन चालणार नाही का?

भेटीसाठी लहान कुत्रंही चालतं. चांगल्या स्वभावाचं पॉमेरियन मांडीवर बसून छान काम करतं. पण मोठ्या कुत्र्याचे दोन फायदे मी रोज बघते. त्याचं डोकं सरळ कॉटच्या कडेला येतं, त्यामुळं सलाईन लावलेल्या मुलाला वाकावं लागत नाही. आणि मूल त्याच्यावर रेलू शकतं. चार-पाच वर्षांचं पोर मानेला मिठी मारतं तेव्हा तीस किलोचं कुत्रं जागचं हलत नाही. लहान कुत्रं अशा मिठीनं घाबरतं, कधी दुखावतं.

शोधकामात मात्र फार मोठं कुत्रं अडचणीचं. साठ-सत्तर किलोचं जनावर स्लॅबच्या फटीत शिरणार कसं? म्हणून ढिगाऱ्यावर लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉ अशी पंचवीस ते पस्तीस किलोची कुत्री दिसतात. अंगात दम असतो आणि पाय हलका पडतो.

सेंट बर्नार्डच्या गळ्यात दारूचं पिंप असायचं, हे खरं का?

नाही. ती कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या एका चित्रामुळं पसरली. मूळ गोष्ट त्याहून मोठी आहे. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या मधे ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे, उंची 2469 मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा आठशे मीटरहून जास्त उंच. तिथल्या मठातले साधू बर्फात अडकलेल्या वाटसरूंना शोधायला ही कुत्री बरोबर नेत. त्यातला बॅरी नावाचा कुत्रा 1800 ते 1814 या काळात जगला आणि त्यानं चाळीसहून जास्त माणसांचा जीव वाचवला असं सांगतात. एका सैनिकानं अस्वल समजून त्याला मारलं, ही कथा खोटी. तो म्हातारा होऊन स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात मरण पावला आणि त्याचं शरीर तिथल्या निसर्ग संग्रहालयात जतन केलेलं आहे.

आता त्या डोंगरात शोधाला हेलिकॉप्टर आणि हलकी कुत्री जातात. मठातल्या कुत्र्यांच्या वंशाचं पालन 2005 पासून खाली मार्टिग्नी गावातली एक संस्था करते आणि ती कुत्री आता वृद्धांना, आजारी माणसांना भेटायला नेतात. बर्फातून माणूस ओढून काढणाऱ्या कुत्र्याच्या नातवंडांकडं आज हे काम आलंय, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

पाण्यातून माणसं ओढून काढणारी कुत्री असतात म्हणे. कृष्णेच्या पुरात ती का आणत नाहीत?

हा प्रश्न सांगलीत हमखास येतो आणि तो रास्त आहे. अशी कुत्री आहेत. कॅनडाच्या किनाऱ्याजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावरची त्याच नावाची जात कोळ्यांबरोबर वाढली. पंजांच्या बोटांमधे पडदा, तेलकट दुहेरी केस, नर पासष्ट-सत्तर किलोपर्यंत. आपल्या ओळखीचा लॅब्राडॉर त्याच बेटावरच्या जुन्या पाणकुत्र्यांचा वंशज. इटलीत 1989 पासून पाण्यातल्या बचावासाठी कुत्र्यांची शाळा आहे. तिथं न्यूफाउंडलंड, लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर बोटीवरून, अगदी हेलिकॉप्टरमधूनही पाण्यात उडी मारायला शिकतात. बुडणारा माणूस कुत्र्याच्या अंगावरच्या जॅकेटचं हँडल धरतो आणि कुत्रं त्याला किनाऱ्याकडं ओढतं.

पण ते समुद्राचं नाहीतर तळ्याचं पाणी, आणि किनारा डोळ्यांसमोर. आपल्याकडं सांगलीतल्या आयर्विन पुलाखाली 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्या पाण्यात ऊस, पत्रे, तारांची कुंपणं, विजेच्या तारा, मेलेली जनावरं असतात आणि वर काही दिसत नाही. तिथं कुत्रं सोडणं म्हणजे त्याला मारणंच. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटली ती पलूस तालुका विसरलेला नाही. पुरात माणूस वाचतो तो वेळेत घर सोडल्यानं, लाइफ जॅकेटनं आणि बोटीत मोजकीच माणसं घेतल्यानं. जे कुत्र्याच्या हातात नाही त्याची आशा कुत्र्यावर ठेवू नये.

पूर ओसरताना मात्र कुत्र्याचा उपयोग होतो. पाण्याखालच्या मृतदेहाचा वास वर येतो. बोटीच्या टोकाला बसवलेलं शिकलेलं कुत्रं तो ओळखतं आणि शोधाचा टापू लहान करतं. घरच्यांना माणूस हाती लागणं किती महत्त्वाचं असतं ते ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांनाच ठाऊक.

आजारी मुलाला कुत्र्यामुळं काय फरक पडतो? काही पुरावा आहे का?

कुत्रं औषध नाही आणि आम्ही तसं कधी म्हणत नाही. मात्र ही कल्पनाही कालपरवाची नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय की लहानसा पाळीव प्राणी दीर्घकाळ आजारी असलेल्याला चांगली सोबत देतो. 1960 च्या दशकात अमेरिकेत बोरिस लेविन्सन या बालमानसतज्ज्ञाच्या लक्षात आलं की कुणाशीच न बोलणारं मूल त्यांच्या कुत्र्याशी बोलतं. तिथून या गोष्टीचा रीतसर अभ्यास सुरू झाला.

अभ्यास काय सांगतात तेही नीट सांगायला हवं. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांत कर्करोगाच्या मुलांवर झालेला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात कुत्र्याची भेट झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही गटांतल्या मुलांची भीती उपचार पुढं सरकतील तशी कमी झाली. त्याचं श्रेय एकट्या कुत्र्याला देता येत नाही. पण भेट झालेल्या गटात आईवडिलांवरचा ताण हलका झालेला दिसला. मला हे पटतं. आपण मुलाकडं बघत असतो, आणि शेजारच्या स्टुलावर रात्रभर बसलेली आई पहिल्यांदाच हसलेली असते.

वॉर्डातली भेट कशी असते?

भेटीची तयारी आदल्या दिवशी सुरू होते. भेटीच्या आधीच्या चोवीस तासांत अंघोळ, नखं कापून कानशीनं गुळगुळीत, कान साफ, पूर्ण कोरडे केस. निघण्याआधी अंगभर हात फिरवून गोचीड, पुरळ, जखम बघायची. कुत्र्याला खोकला, जुलाब किंवा नुसती मरगळ असली तरी त्या दिवशी भेट रद्द. कच्चं मांस खाणारं कुत्रं वॉर्डात न्यायचं नाही, कारण त्याच्या तोंडातून आणि विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू पसरतात.

वॉर्डात गेल्यावर आधी सिस्टरकडं. कुणाला भेटायचं आणि कुणाला नाही ते डॉक्टर आणि सिस्टर ठरवतात, आम्ही नाही. आईवडिलांची लेखी परवानगी केस पेपरला लावलेली असते. मग मुलाला विचारायचं. मूल नको म्हणालं तर तिथंच विषय संपला, आईनं कितीही आग्रह केला तरी. मुलाचे हात धुतलेले, माझे हात धुतलेले, कॉटवर आमची वेगळी चादर. कुत्रं सलाईन नसलेल्या बाजूला. पट्टा आखूड, दोन मीटरच्या आत, आणि तो कायम माझ्या हातात. मी शब्द दिला की सावली हनुवटी कॉटच्या कडेवर टेकवते आणि तशीच राहते. पुढचं मूल ठरवतं.

एकेका मुलाजवळ पाच-दहा मिनिटं, आणि सगळं मिळून तासाच्या आत. चाटू द्यायचं नाही, तोंडाला तर नाहीच. भेटीनंतर परत हात धुवायचे, चादर पिशवीत घालून धुवायला.

एक प्रसंग सांगते, म्हणजे कुत्र्याचं मोठं असणं कुठं कामाला येतं ते कळेल. बैलगाडीवरून पडून कोपर मोडलेला एक मुलगा फिजिओथेरपीला यायचा. आईबाप ऊसतोडीला आलेले. प्लास्टर निघालं होतं, पण हात काटकोनात अडकलेला आणि कुणी सरळ करायला गेलं की तो किंचाळायचा. फिजिओच्या मॅडमनी त्याच हातात ब्रश दिला आणि सावलीला त्याच्यासमोर आडवी झोपवायला सांगितलं. मानेपासून शेपटीपर्यंत ब्रश फिरवायचा. सुरुवातीला तो खांद्यापाशीच थांबायचा. मग पाठीच्या मध्यापर्यंत. शेपटीपर्यंत पोचायचं तर कोपर उघडावंच लागतं. दुखलं की तो थांबायचा, ओठ आवळायचा आणि परत मानेपासून सुरू करायचा. मॅडम बाजूला बसून नुसत्या बघत होत्या. बऱ्याच वेळानं तो पहिल्यांदा बोलला, "झोपली काय वो ती?" झोपली होती. मग त्यानं ब्रश आणखी हळू फिरवायला घेतला आणि हात आणखी उघडला.

इन्फेक्शनचं काय? रेबीज?

नियमित लस घेतलेल्या, घरात वाढलेल्या कुत्र्यापासून रेबीजचा धोका नाही म्हणावा इतका कमी असतो. आमच्या प्रत्येक कुत्र्याची रेबीजची लस दरवर्षी होते, लेप्टोस्पायरोसिसची (जनावरांच्या लघवीतून पाण्यात उतरणाऱ्या जंतूंच्या तापाची) लस होते, जंताचं औषध ठरल्या वेळी दिलं जातं आणि त्याचं कार्ड रुग्णालयाकडं असतं. आपल्या भागात पूर येऊन गेला की लेप्टोची भीती असतेच, म्हणून त्या लसीत हयगय नाही.

वॉर्डाबाहेरचं एक सांगून ठेवते. कुठल्याही कुत्र्यानं चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची, चहापूड काहीही लावू नका. लसीच्या सगळ्या तारखा पाळा. रक्त आलं असेल किंवा जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (जखमेत द्यायच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दल) डॉक्टरांना स्वतःहून विचारा. रेबीज झाल्यावर उपाय नाही. आधी मात्र पूर्ण उपाय आहे.

कुठल्या मुलांना भेट देत नाही?

केमोथेरपीमुळं पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतील तेव्हा नाही. पेशी वाढल्या की डॉक्टर सांगतात, मग जातो. प्लीहा काढलेल्या मुलांबाबत फार जपावं लागतं. कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू, जो इतरांना सहसा काही करत नाही, तो अशा मुलांत जिवावर बेतू शकतो. थॅलेसेमियाची मुलं दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला येतात, कुत्र्याची वाट बघतात आणि त्यातल्या काहींची प्लीहा काढलेली असते, म्हणून तिथं प्रत्येक मुलाची नोंद बघूनच पुढं जातो. उघडी जखम, भाजलेलं अंग, कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी, नीट आटोक्यात नसलेला दमा, आयसोलेशन: इथं भेट नाही.

काचेतून भेट होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सावली व्हरांड्यात, मूल खिडकीशी. मूल काचेवर बोट फिरवतं आणि कुत्रं त्या बोटामागं मान हलवतं. तेवढंही पुष्कळ असतं.

मूल कुत्र्याला घाबरतं. हळूहळू सवय होईल म्हणून आणू का?

रुग्णालयात नाही. तिथं मुलाला सुया, सक्ती, अनोळखी हात आधीच खूप असतात. ज्या गोष्टीला ते नाही म्हणू शकतं अशी एक तरी गोष्ट तिथं असू दे.

घरातली मोठी माणसं नको म्हणतात. कुत्रं दवाखान्यात कशाला, असं म्हणतात.

त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं. ज्यांनी गावात पिसाळलेल्या कुत्र्यानं माणूस गेलेला पाहिलाय त्यांची भीती खरी आहे. आम्ही वाद घालत नाही. लसीचं कार्ड दाखवतो, हात कसे धुतो ते दाखवतो आणि शेजारच्या कॉटवर जातो. औदुंबरकडच्या एक आजी दारातूनच नको म्हणाल्या होत्या. थोड्या वेळानं स्वतः जवळ आल्या, "दत्ताच्या पायाशी असतंय की हे" म्हणाल्या, आणि सावलीच्या डोक्याला हात लावून तो हात आपल्या कपाळाला लावला. नंतर त्यांनी नातवाला जवळ आणलं. आजी जवळ आल्या नसत्या तरी त्यांचं चुकलं नसतं.

दरडीत गाडलेला माणूस कुत्र्याला कळतो कसा?

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या वर. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, काम कसं चालतं ते बघा.

जिवंत माणसाच्या श्वासातून, घामातून, गळणाऱ्या त्वचेच्या कणांतून वास सतत बाहेर पडत असतो. ढिगाऱ्याच्या फटींतून तो वर येतो आणि वाऱ्याबरोबर पसरतो. उगमाशी अरुंद, लांब जाईल तसा रुंद. शोधाचं कुत्रं हवेत नाक वर करून फिरतं. वासाच्या पट्ट्यात शिरलं की त्याची चाल बदलते: शेपटी ताठ, वळणं आखूड, मान झटक्यानं वळते. मग वास जिथं सगळ्यांत दाट तिथं ते थांबतं आणि भुंकत राहतं. त्याला कुणाचा कपडा हुंगवावा लागत नाही. ते ठरावीक माणसाला शोधत नसतं, त्या टापूत गाडलेल्या कुठल्याही माणसाला शोधत असतं.

पहिल्या कुत्र्यानं दाखवलं की शक्यतो दुसरं कुत्रं आणतात, त्याला काही न सुचवता. दोघांनी तीच जागा दाखवली की खणतात. 6 फेब्रुवारी 2023 च्या तुर्कस्तानातल्या भूकंपानंतर भारताच्या एनडीआरएफचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं, पथक तिथं गेलं होतं. ज्युली या लॅब्राडॉर कुत्रीनं नुरदागी इथं एका ढिगाऱ्यावर भुंकून खूण केली, मग रोमिओला आणलं, त्यानंही तीच जागा सांगितली, आणि सहा वर्षांची मुलगी जिवंत बाहेर निघाली. दुसऱ्या देशातलं पोर आपल्या कुत्र्यांनी शोधलं. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण नाही.

मातीच्या दरडीत काम फार अवघड जातं. सिमेंटच्या ढिगाऱ्यात पोकळ्या असतात, ओल्या मातीत नसतात, त्यामुळं वास वर यायला वाटच नसते. म्हणून पहारीनं, सळईनं खोल भोकं पाडतात, थोडा वेळ थांबतात आणि मग कुत्र्याला भोकाभोकावरून नेतात. पाटण तालुक्यात जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं अख्खी घरं मातीखाली गेली, रस्ते तुटले, पाऊस थांबत नव्हता. अशा ठिकाणी कुत्रं कितीही चांगलं असलं तरी ते पोचेपर्यंत गेलेले तास परत येत नाहीत.

म्हणजे गावकऱ्यांनी पथक येईपर्यंत थांबायचं?

नाही. दरडीतून आणि भूकंपातून निघालेली बहुतेक जिवंत माणसं शेजाऱ्यांनीच काढलेली असतात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठलं श्वानपथक होतं? आवाज येतोय तिथं, डोंगर अजून सरकत नाही याची खात्री करून, हातानं काढायला सुरुवात करा. त्याच वेळी एकानं जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर किंवा 112 वर कळवा. कोण कुठल्या घरात, कुठल्या खोलीत झोपलं होतं हे कागदावर लिहून ठेवा. तो कागद पथकाला सोन्यासारखा असतो.

एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. पावसाळ्यात सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडं त्यांची पथकं आधीच आणून ठेवतात, तरी डोंगरातल्या वाडीवर पोचायला वेळ लागतोच.

पथक आल्यावर गर्दीनं मागं हटायचं, वारा जिकडून येतो त्या बाजूला तर कुणीच उभं राहायचं नाही. पन्नास माणसांचा वास तिकडून आला तर कुत्र्यानं काय करायचं? सांगितलं की जेसीबी बंद, मोबाईल बंद, बोलणं बंद. बिडी-सिगारेट नको. कुत्र्याला बिस्किट टाकू नका, हाक मारू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. वीस-तीस मिनिटं काम केलं की कुत्र्याला विश्रांती देतात. ते झाडाखाली झोपलेलं बघून "नुसतं झोपलंय" म्हणू नका. दमलेल्या नाकाला वास सापडत नाही.

एकच कुत्रं दोन्ही कामं करेल का?

सहसा नाही, आणि करायला लावूही नये. शोधाचं कुत्रं सतत चुळबुळणारं, हट्टी, खेळण्यासाठी वेडं असावं लागतं. चेंडू मिळेल म्हणून ते तासभर ढिगारा पालथा घालतं. वॉर्डात हाच गुण त्रासाचा. सावलीला तुम्ही पडक्या घरात सोडलंत तर ती पहिल्या सावलीत बसेल. निवृत्त झालेली काही शोधकुत्री मात्र म्हातारपणी शांत होतात आणि भेटीचं काम आनंदानं करतात.

आपलं मुधोळ, धनगरी किंवा गावठी कुत्रं चालेल का?

मुधोळ सांगलीपासून लांब नाही आणि या कुत्र्यावर आपल्याकडं फार जीव. लष्करानं 2016 मध्ये मुधोळची पिल्लं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली होती. पण मुधोळ हाउंड मुळात नजरेवर आणि वेगावर शिकार करणारा. अनोळखी माणसाचा हात त्याला फारसा आवडत नाही. पहारा, पाठलाग त्याचा. वॉर्ड त्याचा नाही.

आटपाडी, जत, माण भागात धनगरांच्या वाड्यावरचं कुत्रं मी जवळून बघितलंय. लांडग्यापुढं उभं राहणारं जनावर. त्याला मेंढरापासून तोडून टाइलच्या फरशीवर आणणं हा त्याच्यावर अन्याय होईल. ते जे काम करतं तेच फार मोठं आहे.

गावठी कुत्र्यात स्वभाव फार वेगवेगळे असतात. पिल्लू असल्यापासून माणसांत वाढलेली, शांत, धीट अशी काही गावठी कुत्री भेटीसाठी उत्तम निघतात, आणि आपल्या उन्हाला ती कुठल्याही परदेशी जातीपेक्षा टिकतात. जातीचा कागद मुलाला दिसत नाही.

आम्हाला घरी सेंट बर्नार्ड किंवा न्यूफाउंडलंड घ्यायचाय. मुलासाठी. घेऊ का?

नका घेऊ. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो. कुत्र्याच्या शरीराचं तापमान मुळातच 101 ते 102.5 फॅरनहाइट. त्याला अंगभर घाम येत नाही, जिभेतून धापा टाकूनच ते थंड होतं. बर्फासाठी आणि थंड समुद्रासाठी घडलेला दुहेरी केसांचा कोट घालून त्यानं इथला उन्हाळा एसीच्या एका खोलीत काढायचा. लाइट गेली की जीव धोक्यात. त्यात ही कुत्री आठ-दहा वर्षंच जगतात, सांध्यांचे आजार होतात आणि साठ किलोचं कुत्रं उठेनासं झालं की त्याला उचलायला दोन माणसं लागतात. आजारी मुलाच्या घरात हा भार कुणी घ्यायचा?

परदेशी कुत्री विक्रीसाठी पैदास करायला आयात करण्यावर 2016 मध्ये बंदी आली. इथं विकायला येणारी पिल्लं कित्येकदा जवळच्या नात्यातल्या जोड्यांची असतात. मूल आजारी असताना नवं पिल्लू घरात आणूच नये. मूल बरं होऊ दे, मग एखादं मोठं झालेलं, स्वभाव कळलेलं कुत्रं बघा.

कुत्र्याला या सगळ्याचा त्रास होत नाही का?

होतो, आणि हा प्रश्न जितका विचारला जायला हवा तितका कुणी विचारत नाही. कुत्रं बोलून सांगत नाही, अंगानं सांगतं. झोप आलेली नसताना जांभई, ओठ चाटणं, मान फिरवून डोळ्याच्या कडेनं बघणं, अंग ताठ होणं, शेपटी पोटाखाली, माणसाच्या पायामागं लपणं. यातलं एक दिसलं तरी मी "आता सावलीला पाणी प्यायचंय" म्हणते आणि बाहेर पडते. मूल रुसतं, चालेल. तिथं दोन मिनिटं जास्त थांबलेलं कुत्रं एक दिवस गुरगुरेल, आणि तो दोष त्याचा नसेल, पट्टा धरणाऱ्याचा असेल.

शोधाच्या कुत्र्यांचे पाय काचेनं, पत्र्यानं कापतात. बूट घातले तर पाय घसरतो, म्हणून ढिगाऱ्यावर बरेच हँडलर, म्हणजे कुत्र्याला हाताळणारी माणसं, ते घालत नाहीत. दिवसभर कुणीच जिवंत सापडलं नाही तर ही कुत्री खचतात. तेव्हा पथकातला एक जण मुद्दाम लपतो, कुत्र्याला शोधू देतो आणि त्याच्याशी भरपूर खेळतो. सरावात आमची माणसं करतात तेच. कुत्र्याला वाटतं, आज एक तरी सापडला.

माझ्या कुत्र्याला भेटीसाठी शिकवायचंय. सुरुवात कुठून करू?

कुत्रं वर्षाच्या वरचं हवं आणि निदान सहा महिने तुमच्या घरात राहिलेलं. आधी घरीच बघा: वाटी खणकन पडली तर ते काय करतं? कुबड्या, व्हीलचेअर, मास्क लावलेला माणूस बघून? शेपटी ओढली तर? दचकणं चालेल, पण लगेच सावरायला हवं. अनोळखी माणसाकडं स्वतःहून जाणारं कुत्रं हवं. तुम्ही ढकललं म्हणून जाणारं नको. मग साध्या गोष्टी पक्क्या करा: बस, थांब, सोड, उडी न मारणं, पट्टा न ओढता चालणं. बाजारपेठेच्या कडेला, एसटी स्टँडबाहेर, गणपतीच्या आधी ढोल-ताशाचा सराव चालतो तिथून लांबवर बसवून आवाजाची सवय लावा. मारून शिकवलेलं कुत्रं वॉर्डात चालत नाही. ते हात वर झाला की आक्रसतं, आणि मुलांचे हात सारखे वर असतात.

शोधकामाचं कुत्रं घरी तयार करून दरडीवर नेता येत नाही. ते काम दलांचं. त्यांच्या कुत्र्यांना आणि हँडलरना एकत्र शिकवतात, ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला बीएसएफचं (सीमा सुरक्षा दलाचं) मोठं केंद्र आहे. मदत करायची असेल तर सरावात लपायला माणसं लागतातच.

शाळेत कार्यक्रमाला कुत्रं आणाल का?

आणतो, पण पाऊस सुरू झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतच. एका वेळी एकच वर्ग, स्टेज नको, स्पीकर नको, उन्हाआडची जागा आणि पिण्याचं पाणी हवं. पहिली वीस मिनिटं कुत्रं बाहेरच थांबतं आणि आम्ही मुलांना तीन गोष्टी शिकवतो: मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही, आणि अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हात छातीशी घेऊन खाली बघत गप्प उभं राहायचं. सगळ्यांनी हे करून दाखवलं की मग सावली आत येते.